निळी गाडी देऊन आणलेला ट्रक

६ ऑक्टोबर, रविवार

बक ॲरिझोनाला चालला. अठरा हिवाळे आमच्या वाटेवरचा बर्फ त्याने काढला, आणि आज निरोप घ्यायला आला तो पोपटांचं चित्र असलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून. बाहेर गवतावर दव गोठलंय आणि हा कोपरं दाखवत उभा. "गुडघे गेले गं वर्ना," म्हणाला. मी म्हटलं, "शर्ट बघून वाटलं, आधी डोकं गेलं असेल." तो हसला. बकला अपमान कळत नाही, हा त्याचा एकुलता एक गुण.

आता रस्त्यापासून आमच्या दारापर्यंतची पाव मैलाची चढण कोण साफ करणार? मागच्या हिवाळ्यात बावीस फूट बर्फ पडला. नवरोबा आर्विड फावडं घेऊन उतरला तर टपालपेटीपर्यंत एप्रिलात पोचेल.

"पुढे बर्फ सारायचा फाळ असलेला ट्रक घ्यावा लागेल," मी जेवताना म्हटलं. "आणि तो ठेवायला गॅरेज लागेल. गॅरेजात तुझी महाराणी झोपलीय."

महाराणी म्हणजे त्रेसष्ट सालची उघड्या टपाची निळी गाडी. एकतीस वर्षं ती गरम गॅरेजात सुती चादरीखाली असते, आणि माझी गाडी बाहेर. नोकरी होती तोवर मी रोज सकाळी काच खरवडून पोस्टात कामाला गेले. वर्षातून आठ-दहा वेळा, चांगलं ऊन पडलं तर, नवरोबा तिला तळ्याकाठी फिरवून आणतो. मी शेजारी बसायचं, दार हळू लावायचं, आत काही खायचं नाही. स्टिअरिंगला हात लावायचा तर प्रश्नच नाही.

आर्विड मीठदाणी घ्यायला गेला आणि पाण्याचा पेला आडवा केला. सत्तर वर्षांचा माणूस, जेवायला बसला की टेबलावर पूर.

तेवढ्यात मिलवॉकीहून डेलचा फोन. आमच्या चिरंजीवांना दर रविवारी एकच सुचतं, आम्ही घर विकून त्याच्याजवळच्या वृद्धांच्या इमारतीत राहायला जावं. लिफ्ट आहे, नर्स आहे, संध्याकाळी पत्ते खेळायला एक खोली आहे. मी म्हटलं, "तुझ्या बापाचं काही बिनसलं तर त्याच दिवशी सामान बांधते, शब्द देते. तोवर मला पत्त्यांची खोली सांगू नकोस." आर्विड टेबल पुसत होता. जिथे पाणी नव्हतं तिथेच पुसत होता.

९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी आर्विड म्हणतो, गॅरेजचं दार वाकलंय. मधोमध पोट आलंय म्हणे. मी पाणसळ आणून लावली. बुडबुडा बरोबर मध्ये. "हे बघ," म्हटलं. त्याने पाणसळीकडे पाहिलंसुद्धा नाही. मग म्हणाला, विजेचे खांबही वाकलेत. म्हातारपणी माणसाला भांडायला माणसं पुरेनाशी झाली की तो खांबांशी भांडतो.

१२ ऑक्टोबर, शनिवार

लिहायलाही हसू येतंय. महाराणी गेली.

मला काही न विचारता या माणसाने सौदा ठरवला. ग्रीन बेचा कुणी दाताचा डॉक्टर, कोल्बी. त्याच्याकडे चार वर्षं जुना पाऊण टनी ट्रक, पुढे आठ फुटी फाळ, मागे ट्रेलर जोडायचा गोळा. त्याने जंगलात मजेखातर घर बांधलं, ट्रक घेतला, बायकोला तिथली थंडी आवडली नाही, ट्रक पडून राहिला. गाडीच्या बदल्यात ट्रक, वर काही देणं-घेणं नाही. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर भेटायचं ठरलं, कारण आमची चढण चढायची डॉक्टरसाहेबांना भीती. चार चाकांना जोर देणारा ट्रक आणि वर बसलेला ससा.

निघताना आर्विडने चादर काढली, चारी बाजूंनी नीट घडी केली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"तू चालव."

"मी?"

"मग काय लेंपीला बोलावू?"

लेंपी म्हणजे खालच्या वळणावरची विधवा शेजारीण. मी बसले. तळ्याकाठच्या रस्त्याने घेऊन गेले. चांगली चालते. एवढंच लिहिते.

कोल्बीच्या पायात पांढरे बूट. हात असे मऊ की हात मिळवल्यावर मला माझाच हात पुसावासा वाटला. "टप किती वेळात उघडतं? रंग मूळचा का? रेडिओ चालतो?" आर्विड शांतपणे सगळं सांगत होता. मग त्याने पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत पत्र्यावरून तळवा फिरवला, सावकाश, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने. शेवटच्या क्षणीही धूळ पुसतोय! कोल्बी गाडी घेऊन गेला तेव्हा दुसरा गिअर टाकताना करकरली. आर्विडचा जबडा हलला. मला वाटलं, बरं झालं, आता तरी कळेल लोखंडावर जीव लावला की काय होतं.

परत येतानाही ट्रक मीच चालवला. म्हणाला, "सवय कर." मी त्याची ड्रायव्हर आहे असं त्याला वाटत असावं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आर्विड लेंपीच्या गाडीतून हॉटनला गेला. कशाला, तर "स्क्रू आणायला". स्क्रूसाठी चाळीस मैल! आणि लेंपीबरोबर! लेंपी शहात्तर वर्षांची, केसांना गाजरासारखा रंग लावते, चर्चच्या कॉफीला सगळ्यात मोठा वेलचीचा पाव आणते आणि सगळ्यात मोठा तुकडा स्वतःच खाते. चार तासांनी दोघं परत आली. स्क्रू नाहीत. "मिळाले नाहीत," म्हणे. सत्तावीस वर्षं मी पोस्टाच्या खिडकीत बसले, नुसता पाकिटावरचा पत्ता बघून कोण कुणाला फसवतंय ते मला कळायचं. माझ्या घरात ही नाटकं चालायची नाहीत.

४ नोव्हेंबर, सोमवार

पहिला खरा बर्फ, सात इंच. मला वाटलं, आता साहेब ट्रकवर बसतील. साहेब बसले, पण शेजारच्या सीटवर.

"तू शीक," म्हणाला.

"आणि तू काय करणार?"

"ऐकणार."

तरुणपणी तीन हिवाळे याने रस्त्याच्या खात्यात फाळ चालवला होता. त्याचा माज अजून उतरला नाही. डोळे मिटून बसला, कान काचेला, आणि हुकूम सोडत होता. "फाळ गुणगुणतोय तोवर ठीक. खरखरला की खडी लागली, बोटभर उचल. आवाज जड झाला की समोर ओझं झालंय, वळव." मी सांगितलं, मला दोन डोळे आहेत, कानांनी गाडी चालवायची मला गरज नाही. तर म्हणतो, "जानेवारीत डोळ्यांचा काय उपयोग?" फाळाच्या कांडीवर त्याने सुतळी गुंडाळलीय, वर उचलायला एक गाठ, खाली सोडायला दोन. मी अंगठाछाप असल्यासारखं.

खालच्या वळणावर मी लेंपीची टपालपेटी उडवली. त्याबद्दल मला फार वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा लेंपी, पुन्हा हॉटन. आला तो काळा चष्मा लावून. आभाळ भांड्याच्या बुडासारखं काळं, आणि हा सिनेमातला नट. "लेंपीने दिला का?" विचारलं. "हो," म्हणाला. लाज कशी ती नाहीच. रात्री त्याचा एक डोळा लालभडक होता. ऊन नसताना चष्मा घातला की असंच होणार.

वर्तमानपत्रही घ्यायचं बंद केलं त्याने. जगात वाचण्यासारखं काही उरलं नाही म्हणे. आता मला बातम्यांवर कुणाशी वाद घालायचीही सोय नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

सरपणाचा ट्रेलर मागे जोडून उलटा घालायचा धडा. तीन तास. मी स्टिअरिंग डावीकडे केलं की ट्रेलर उजवीकडे जातो, अगदी आमच्या डेलसारखा. आर्विड मागे उभा राहून हात हलवत होता. एकदा तर ट्रेलर सरळ त्याच्यावर जात होता तरी हा बाजूला होईना, मला खिडकीतून बोंबलावं लागलं. मग हळूच एका बाजूला झाला, जणू उपकार करतोय. शेवटी ट्रेलर लाकडांच्या शेडमध्ये बरोबर गेला. मी खाली उतरून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. कौतुक करायचं तर म्हणतो, "आता दहा वेळा कर."

गुरूच मिळाला!

१७ डिसेंबर, मंगळवार

आज मी लेंपीला तिच्या दारातच गाठलं.

"हॉटनला काय मिळतं गं तुम्हा दोघांना?"

ती आधी लाल झाली, मग म्हणाली, "त्यालाच विचार. मी शब्द दिलाय."

"ओठांना लाली लावून शब्द देतेस वाटतं?"

"वर्ना," ती म्हणाली, "तुझ्याइतकी हुशार बाई या रस्त्यावर दुसरी नाही, म्हणूनच तुला काही दिसत नाही." आणि माझ्या तोंडावर दार लावलं. मला, जिच्या हातून हिच्या नवऱ्याच्या पेन्शनची पाकिटं वीस वर्षं गेली!

घरी येऊन मी आर्विडशी बोलले नाही. दोन दिवस बोलणारही नाही. त्याला फरक कळेल की नाही, शंकाच आहे.

९ जानेवारी, गुरुवार

आज लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःलाच वेगळं काहीतरी सांगेन.

काल दुपारपासून वादळ. सकाळी नऊला लेंपीचा फोन. दाराशी लाकडं आणायला गेली आणि पडली, स्वयंपाकघरापर्यंत सरपटत आली, पाय हलत नाही. रुग्णवाहिकेला फोन केलाय, पण तिची वाट अडीच फूट बर्फाखाली, आणि रस्त्याचा सरकारी फाळ दुपारपर्यंत येणार नाही.

मी कोट घातला. "लाली पुसून घे म्हणावं," मी म्हटलं. आर्विड तोवर दारात बूट घालून तयार होता.

बाहेर काहीच नव्हतं. पांढरं म्हणण्याइतकंही नाही. ट्रकच्या नाकावरचा फाळ मला दिसेना. मी दिवे लावले तर ते आणखी वाईट, भिंतच उभी राहिली समोर. आमच्या वाटेला डाव्या अंगाने साठ फूट खोल ओढा आहे.

"मला दिसत नाही," मी म्हटलं. एकेचाळीस वर्षांत हे वाक्य मी त्याच्यासमोर पहिल्यांदाच बोलले.

"बरं," तो म्हणाला, अगदी चहा हवा का विचारल्यासारखं. खिडकीची काच त्याने खाली केली. बर्फ आत भसाभस. "फाळ टाक. चाल. गुणगुणतोय का?"

"गुणगुणतोय."

"थोडं उजवीकडे. खडी लागली ना? ती आपली कड. तिला धरून चल. आता उतार लागेल, पोटात कळेल तुला. कळलं?"

"कळलं."

"मोठं मॅपल येतंय, वारा तुटेल. तुटला. आता वळव."

मी वळवला. त्याने एकदाही चूक सांगितली नाही. मला वाटलं, या माणसाला ही वाट एवढी पाठ कधी झाली? आणि बाकी सगळं जो विसरतो!

रस्त्यावर रुग्णवाहिका होती, पण चाकं चरात, तिरकी. आत दोघं. त्यातला जाडा इसम बाहेर येऊन बर्फात गाडी ओढायची कडी शोधत होता आणि शिव्या घालत होता. आर्विड उतरला, हातमोजे काढले, गुडघ्यावर बसला, दोन्ही हात गाडीखाली घातले आणि नुसत्या बोटांनी दहा मोजायच्या आत कडी शोधली, साखळी अडकवली. जाडा म्हणाला, "आजोबा, तुम्हाला दिसलं कसं?" आर्विड म्हणाला, "तुझ्यासारखंच. अजिबात नाही."

मी ट्रक हळूहळू पुढे घेतला. साखळी ताणली, ट्रक थरथरला, मग ती अख्खी गाडी चरातून वर आली. मग मी लेंपीची वाट उघडली, तिच्या पायरीपर्यंत. (टपालपेटी वाचवली. दुसरी आहे ती.)

लेंपीला उचलून नेताना तिचं तोंड राखेसारखं झालं होतं. लाली लावलेलीच होती. तिने माझी बाही धरली.

"मंगळवारी त्याला तुला न्यावं लागेल आता," ती म्हणाली. "साडेदहाची वेळ आहे. सुई दिल्यावर डोळा झाकतात, पायऱ्या उतरताना हात धर. तो नको म्हणेल."

"कसली सुई?"

तिने माझी बाही सोडली. "अरे देवा. अजून नाही सांगितलं त्याने?"

१० जानेवारी, शुक्रवार

दोन्ही डोळे. मधलाच भाग जातो, कडेचं दिसत राहतं. उजवा जवळजवळ गेला. डावा वाचवायला दर चार आठवड्यांनी डोळ्यात सुई. सप्टेंबरपासून माहीत होतं त्याला.

मी भांडी आपटली. दोन फुटली. एक मला आवडायचंही नाही.

"लेंपीला सांगितलंस! गाजराच्या केसांच्या त्या बाईला!"

"तिच्याकडे गाडी होती."

"माझ्याकडेही आहे! एकतीस वर्षं बाहेर उभी आहे!"

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी सामान बांधलं असतंस," तो म्हणाला. "डेलला शब्द दिला होतास. तू दिलेला शब्द मोडत नाहीस. मला वाटलं, आधी तुला फाळ चालवता येऊ दे. मग सांगू. मग सामान बांधायचं की नाही, ते तुझं तू ठरव."

एवढा मूर्ख माणूस मी पाहिला नाही. माझ्यासाठी आपली गाडी दिली आणि सांगितलं काय तर सवय कर. सरळ सांगायला काय जीभ झडली असती? मी त्याला हे सगळं ऐकवलं, पाऊण तास. तो ऐकत होता, मान किंचित वळवून, जसा कोंबडा बघतो तसा. हल्ली तो नेहमी असाच बघतो, आणि मला वाटायचं, माझं बोलणं त्याला पटत नाही म्हणून.

मागची पानं मी आज वाचून पाहिली नाहीत. वाचणारही नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

डेल आला. लेंपीनेच त्याला फोन केला असणार, कंबरेत खिळा घालून पडलीय तरी जीभ चालूच. इमारतीची रंगीत पुस्तिका घेऊन आला. शहरातली बुटकी गाडी, टायर उन्हाळ्याचे. आमच्या चढणीच्या अर्ध्यावर घसरून फिरली आणि बर्फात तोंड खुपसून बसली.

मी ट्रक घेऊन गेले. तो खिडकीतून डोकं काढून म्हणतो, "आई, तू? बाबा कुठे आहेत?"

"घरात. तुझ्यासाठी कणकेच्या पारीत भरलेले मटणाचे पुडे भाजतोय. मुळ्यांऐवजी बटाटे जास्त पडलेत, तक्रार करू नकोस. गिअर मोकळा सोड."

"साखळी तू लावणार?"

"नाही, तू लाव. पांढरे बूट नाहीत ना घातलेस?" त्याला काही कळलं नाही.

वर ओढून आणला. जेवताना त्याने पुस्तिका काढली आणि समजावू लागला, बाबांना धोका आहे, तुम्ही सत्तरीला आलात, तू शब्द दिला होतास.

आर्विड काटा हातात धरून बसून राहिला. त्याचा तो चेहरा बघून मला इतका राग आला की सांगता सोय नाही. पोरगा बोलतोय आणि बाप खाटकाकडे नेलेल्या बैलासारखा ऐकतोय.

"शब्द दिला होता," मी म्हटलं. "बिनसलं तर बांधीन, असा. काय बिनसलंय? वाट साफ आहे. सरपण आत आहे. तुला चरातून कुणी काढलं?"

"पण आई, तुला एकटीला—"

"एकटी नाही. मला ऐकणारा लागतो. तुझ्या त्या इमारतीत फाळाचा आवाज कोण ऐकेल? नर्स?"

डेल सोमवारपर्यंत राहणार होता, पण उद्याच जाईन म्हणाला. खाली उतरवून देईन. आर्विडने त्यानंतर दोन पुडे खाल्ले.

११ मार्च, मंगळवार

हॉटन. तिसऱ्यांदा. रस्ता कोरडा, कडेला बर्फाच्या भिंती माणसापेक्षा उंच. वाटेत आर्विड खिडकी उघडी ठेवून बसला होता. मी म्हटलं, "इथे फाळ नाहीये, कसलं ऐकतोस?" म्हणाला, "तुझा गिअर."

डॉक्टर एक तरणी बाई आहे, फार गोड बोलते. गोड बोलणाऱ्यांवर माझा भरवसा नाही. तिने आज मलाही आत बोलावलं. आर्विडला खुर्चीत बसवलं, समोर तो अक्षरांचा तक्ता, वर एक मोठं अक्षर, खाली लहान होत जाणाऱ्या ओळी. उजवा डोळा झाकला.

"काय दिसतं, सांगा."

त्याने मान कोंबड्यासारखी तिरकी केली. कितीतरी वेळ. "ई," तो म्हणाला.

"छान. खाली?"

तो शोधत होता. त्याचा हात मांडीवर होता, बोटं हलत होती, बर्फात कडी शोधताना हलली होती तशी. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. मला सगळ्या ओळी स्वच्छ दिसत होत्या, अगदी तळातली बारीकसुद्धा. एकूण अकरा.

"वर्ना," तो म्हणाला. "खाली आणखी आहे का काही?"

खोटं बोलणाऱ्या माणसांची मला आयुष्यभर किळस आली आहे.

"नाही," मी म्हटलं. "एवढंच आहे. खाली भिंत आहे."

डॉक्टरीणबाईने माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे असं पाहिलं की ती कागदावर काहीतरी लिहू लागली.

"बरं," आर्विड म्हणाला, आणि खुर्चीच्या मागे हात लांब केला. मी उठून तो धरला.